कारन सांग, मंग हात लावते

गोमाबायची मला पहिल्याच भेटीत किळस आली होती, हे आधी सांगून टाकते. मुंबईला नर्सिंगचा कोर्स करून, नखं तळाशी कापायची आणि हात कोपरापर्यंत धुवायचे अशी शिस्त अंगी बाणवून मी पनवेलला डॉक्टर मोकाशींच्या दवाखान्यात लागले होते. आणि ही बाई खाडीकडच्या वाडीत, अंगणात चटईवर बारीक कोळंबीसारखा जवळा वाळत घालता घालता, त्याच हातांनी लोकांची हाडं बसवत होती. मिश्रीने काळे पडलेले दात, दर दोन वाक्यांनंतर बांधाच्या दिशेने एक पिंक, अंगाला खवट एरंडेलाचा वास. पदराला हात पुसायची, आणि तो पदर असा की त्यापेक्षा हात बरे.

मी तिच्याकडे गेले ती आमचा एक पेशंट पळाला म्हणून. गाडीची चाकं बनवणारा एक सुतार होता. त्याचं कोपर निखळलं होतं. डॉक्टर कपडे करून येईपर्यंत तो बाकावरून उठून चालता झाला, आणि जाताना हाताला आधार म्हणून गळ्यात अडकवलेली आमची झोळीही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "त्या गोमाकडे गेला असणार. जा, घेऊन या त्याला, नाहीतर ती बाई हात कायमचा वाकडा करून ठेवील."

मी पोचले तेव्हा सुतार अंगणात उकिडवा बसला होता आणि गोमाबाय त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. जवळा हलवत होती. तो घायकुतीला येऊन सांगत होता की चाक उचलताना कोपर निसटलं.

"चाक उचलून कोपर मागं जात नाय," ती म्हणाली. "तलवा दाव."

त्याने तळवा दाखवला. त्यात खडी रुतली होती.

"पडलास. हात टेकून पडलास. चाकाचा नाव कशाला घेतंस? कारन सांग, मंग हात लावते."

तेव्हा दारूबंदी होती. वाडीच्या मागे कुठेतरी हातभट्टीची पिऊन परत येताना तो बांधावरून पडला होता. पोलिसांच्या भीतीने त्याने आम्हालाही चाकाचीच गोष्ट सांगितली होती आणि मी ती जशीच्या तशी रजिस्टरात उतरवली होती. गोमाबायपुढे त्याने मान खाली घालून खरं काय ते सांगितलं. तिने बांधाकडे एक पिंक टाकली, त्याचा हात मांडीवर घेतला, एका हाताने मनगट ओढून धरलं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मागे आलेलं हाड पुढे लोटलं. टक् असा आवाज झाला. सुतार आधी पांढरा पडला आणि मग एकदम हसायला लागला. मी तिथे उभीच राहिले. झोळी परत मागायचंही सुचलं नाही.

ही तिची अट होती. कारण ऐकल्याशिवाय ती कुणाला हात लावत नसे. माणूस कितीही कळवळो, मोठ्या घरचा असो की वाडीतला असो, आधी "कसा निखलला?" हा प्रश्न. उत्तर खोटं वाटलं तर ती थुंकायची आणि आपल्या कामाला लागायची. तिचं म्हणणं साधं होतं. सांधा म्हणजे बिजागरी. बिजागरी आपसूक उखडत नाही, दार कुणीतरी ओढलेलं असतं. कुठल्या बाजूने ओढलं ते कळलं तर हाड कुठल्या वाटेने गेलं ते कळतं, आणि त्याच वाटेने त्याला परत आणावं लागतं. दुसऱ्या वाटेने रेटलं तर शिरा फाटतात. आमच्या कोर्समध्ये हेच चार महिने इंग्रजीत शिकवलं होतं.

"हाड खोटा बोलत नाय, बाय," ती मला म्हणायची. "मानूस बोलतंय."

मी तिला अगंतुगं करायची आणि तीही मला. सुट्टीच्या दिवशी मी तिच्याकडे जायला लागले. डॉक्टरांना ते आवडत नव्हतं. किळस गेली नव्हती, पण मी अंगणाच्या वाऱ्याच्या बाजूला बसायला शिकले होते.

तिचा स्वतःचा डावा खुबा जन्मापासून निखळलेला होता. ती पायाळू जन्मली. सुईणीने पाय धरून ओढली, आणि चालायला लागेपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही की पाय जागेवर नाही. तिच्या मावशीने, जिच्याकडून ती हे काम शिकली, पुष्कळ खटपट केली. पण फार दिवस रिकामी राहिली की खुब्याची वाटी भरून जाते. मग हाडाला घर उरत नाही. गोमाबाय हे सांगताना आवाजही बदलत नसे. फक्त सुईणीचं नाव घेतलं की थुंकायची. सुईण मरून तीस वर्षं झाली होती.

एकदा मी बसले असताना गावातले एक शिक्षक आपल्या वर्गातल्या मुलीला घेऊन आले. धोतर-कोट, कपाळाला गंध, गावात मोठा मान. मुलीच्या उजव्या हाताचं मधलं बोट पेरापासून मागे उलटलं होतं. लगोरी खेळताना चेंडू लागला, असं गुरुजी म्हणाले. मुलगी काहीच म्हणेना. गोमाबायने बोट न्याहाळलं. चेंडू टोकावर बसतो, ती म्हणाली, टोक सुजतं. हिचं टोक स्वच्छ आहे आणि पेराच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याचे ठसे आहेत. मग ती मुलीला नव्हे, गुरुजींनाच म्हणाली, "कारन तुमी सांगा."

गुरुजी संतापले. मुलगी हुंदके देत होती. अंगणात जवळा निवडणाऱ्या चार बायका हात थांबवून बघत होत्या. गोमाबाय, मला वाटतं पाव तास तरी, जवळा हलवत तशीच बसून राहिली. शेवटी मुलीचं रडणं ऐकवेना की बायकांच्या नजरा सोसवेनात कोण जाणे, गुरुजी हळूच म्हणाले की पाढा चुकला म्हणून त्यांनी बोट मागे दाबलं होतं. "एवढं होईल असं वाटलं नव्हतं." गोमाबायने बोट क्षणात बसवलं, शेजारच्या बोटाला चिंधीने बांधलं आणि मुलीला पाणी दिलं. 

पुढच्या आठवड्यात मी गुरुजींना सत्कारात हार घालून घेताना पाहिलं. पण सांगायची गोष्ट ही नाही.

सांगायची गोष्ट शालनची आहे. गावात एक भातगिरणी होती. गिरणीवाल्यांचा मुलगा वसंतराव, त्याची ही बायको, पेणकडची. वय एकवीस-बावीस. पहिल्यांदा तिला आणलं तेव्हा उजवा खांदा पुढे निसटलेला होता. सासूबाई बरोबर होत्या. त्यांना सगळे माई म्हणत. न्हाणीघरात पाय घसरला, माई म्हणाल्या. डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म दिला, खांदा बसवला, आणि मी रजिस्टरात लिहिलं: पडून. दोन महिन्यांनी तोच खांदा. या वेळी जिन्यावरून. मी पुन्हा लिहिलं: पडून.

मला तेव्हाच संशय आला होता. बांधताना तिच्या मनगटावर मी चार निळे ठसे पाहिले. डॉक्टरांनीही पाहिले असणार, कारण त्यांनी पट्टी नेहमीपेक्षा चार बोटं खाली, मनगट झाकेल अशी गुंडाळली. मी नंतर त्यांच्याकडे विषय काढला. डॉक्टर मोकाशी वाईट माणूस नव्हते. खिशात अत्तराचा रुमाल ठेवत, पेशंटवर कधी ओरडत नसत. रुमालाने हात पुसत ते मला म्हणाले, "आपण हाड बसवायचं, बाई. संसार नाही." त्या अत्तराचा वास मला आजही नको होतो.

तिसऱ्या वेळी डॉक्टर मुंबईला गेलेले होते. शालन टांग्यात वाकडी होऊन बसली होती, ओठ चावून रक्त आलेलं. माईंना मी म्हटलं, डॉक्टर परवा येतील, तोवर खांदा असा ठेवता येणार नाही, गोमाबायकडे नेऊ. माईंनी नाकाला पदर लावला, पण आल्या.

विहिरीवर शेवाळ होतं, त्यावरून घसरली, अशी गोष्ट माईंनी वाटेतच जुळवून ठेवली होती. गोमाबायने ती पूर्ण ऐकून घेतली. शालनचे तळवे बघितले, कोपरं बघितली, गुडघे बघितले. कुठे खरचटलेलं नाही. मग मनगट उलटं करून बघितलं.

"पोरी, कसा निखलला?"

शालन माईंकडे बघत राहिली. मी गोमाबायला म्हटलं की तिला फार दुखतंय, आधी बसव, मग विचार. ती हलली नाही. मला त्या क्षणी तिचा राग आला, आणि तो राग बरोबर होता असं मला अजून वाटतं. पण शालन बोलली. खालच्या आवाजात, एकेक शब्द जोडत. ते मनगट धरतात, हात बाजूला नेऊन पिरगळतात आणि ओढतात. पहिल्यांदा भाजीत मीठ जास्त पडलं होतं. आता कारण लागत नाही.

माईंनी दुसरीकडे बघितलं.

गोमाबायने तिला चटईवर निजवलं, काखेत कापडाची घडी ठेवली, आपल्या धड पायाची टाच तिथे टेकवली आणि हात दोन्ही हातांनी सावकाश, अगदी सावकाश ओढला. खांदा आत गेला तेव्हा शालनचा श्वास एकदम सुटला. गोमाबायने हात छातीशी बांधला आणि माईंना सांगितलं की तीन आठवडे या हाताने तांब्यासुद्धा उचलायचा नाही. पहिल्यांदा नीट विश्रांती दिली असती तर ही पाळी आली नसती. आता सांध्याची पिशवी सैल झाली आहे, पुन्हा कुणी ओढलं तर हा हात नुसत्या झटक्याने निखळून येईल. माईंनी मान डोलावली. घरी गेल्यावर त्यांनी सगळं मुलाला सांगितलं. विश्रांतीचं नव्हे, शालन काय बोलली ते.

पाच दिवसांनी दुपारी वसंतरावच तिला दवाखान्यात घेऊन आला. हात अजून छातीशी बांधलेला. तोंड उघडं होतं आणि मिटत नव्हतं. जबडा निखळलेला माणूस ज्याने पाहिला नसेल त्याला ते सांगून कळणार नाही. हनुवटी पुढे आलेली, लाळ सारखी गळतेय, गिळता येत नाही, बोलायला गेलं की घशातून नुसता घोगरा आवाज. तिने छातीवर एक टॉवेल धरला होता आणि तो चिंब झाला होता. वसंतराव तिच्यापासून हातभर लांब उभा होता, लाळ सदऱ्याला लागू नये म्हणून.

"जांभई दिली हिने," तो म्हणाला.

डॉक्टरांनी दोनदा प्रयत्न केला. जबड्याचे स्नायू दगडासारखे घट्ट झाले होते. तिच्या पोटात अन्न होतं म्हणून क्लोरोफॉर्म देता येईना. मुंबईला न्यावं लागेल, असं ते पुटपुटले. मी काही न विचारता आमच्या झाडूवालीला गोमाबायकडे पाठवलं. डॉक्टरांनी ते पाहिलं, आणि मला अडवलं नाही, एवढं श्रेय मी त्यांना देते.

गोमाबाय लंगडत आली. बाकावर बसलेले पेशंट दारात गोळा झाले. तिने शालनकडे बघितलं, आणि ती प्रश्न विचारेल म्हणून मी वाट पाहत होते. तिने विचारला नाही. माझ्याकडून स्वच्छ कापड मागून घेतलं, दोन्ही अंगठ्यांना गुंडाळलं, शालनला भिंतीशी टेकवून जमिनीवर बसवलं. गालांवरून बराच वेळ हात फिरवत राहिली, बाळाला निजवताना फिरवतात तसा. स्नायू सैल पडल्याचं कळलं तेव्हा अंगठे आत घालून मागच्या दाढा खाली दाबल्या आणि जबडा मागे सरकवला. दात एकमेकांवर आदळले. शालनचं तोंड मिटलं.

तिच्या हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधता बांधता गोमाबाय वसंतरावला म्हणाली, "जांभईनं जबडा निखलतंय. मी बगितलाय. पन जांभईनं गालावर वल उठत नाय."

तो म्हणाला, चल, घरी चल. शालनला बोलायची मनाई होती आणि बोलता येतही नव्हतं. ती उठली, आणि मोकळ्या डाव्या हाताने तिने गोमाबायचा पदर धरला. तोच, हात पुसायचा पदर. तिने तो सोडला नाही. दारात वीसेक माणसं उभी होती. त्यांच्यासमोर वसंतरावला तिचा हात ओढता आला नाही. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. दोघी बायका, एक लंगडत आणि एक पट्टी बांधलेली, उन्हातून खाडीकडे चालत गेल्या.

शालन वाडीत अकरा दिवस राहिली. गावात काय काय बोललं गेलं ते लिहायची मला शिसारी येते. मारण्याबद्दल कुणी बोललं नाही. गिरणीवाल्यांची सून आगऱ्याच्या झोपडीत कुणाच्या हातचं जेवते, यावर मात्र सगळे बोलले. गिरणीने वाडीचं भात भरडायचं बंद केलं. वाडीतल्या लोकांना गाड्या जुंपून पार उरणच्या बाजूला जावं लागलं. मग वाडीही गोमाबायवर उलटली. तिच्या सख्ख्या मुलाने तिला सांगितलं की परक्याच्या पोरीपायी आपल्या माणसांचे हाल कशाला. ती म्हणाली, मना ठावं नाय, पन पोरगी जानार नाय.

मी शालनसाठी पातळ पेज घेऊन जायची. एकदा शालन आत झोपली असताना गोमाबाय मला म्हणाली, "मी तिला सासूसमोर बोलायला लावला. तेच्यामुलं तोंड गेला तिचा." मग ती थुंकली. त्या वेळी बांधाकडे नव्हे. तिथेच, आपल्या पायाशी. त्या दिवसापासून तिने अट तीच ठेवली, पण विचारण्याआधी ती बरोबरच्या सगळ्यांना अंगणाबाहेर घालवायला लागली. कुणी हटून बसलं तर जवळ्याची टोपली उचलून त्यांच्या अंगावर झाडायची.

शालनचा भाऊ पेणहून आला. सरळ माणूस होता. त्याला डॉक्टरांकडून लेखी हवं होतं, की खांदा तीनदा आणि जबडा एकदा मारहाणीने निखळला. वसंतराव आणि माईही आले. डॉक्टरांनी रजिस्टर उघडून भावापुढे ठेवलं. पडून. पडून. माझ्या अक्षरात, वळणदार. भावाने मला विचारलं, "बाई, तुम्हीच लिहिलंय ना हे?" मी हो म्हटलं. पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं. ते मी गिळलं. मला नोकरी हवी होती. दुसऱ्यांबद्दल वाटलेल्या किळसेविषयी मी इतकं लिहिलं, तर हेही लिहायला हवं.

बोलली ती गोमाबाय. तिने डॉक्टरांच्या टेबलाशी उभं राहून, आपलाच हात बाजूला नेऊन, पिरगळून, खांदा कसा पुढे आणि खाली निसटतो ते दाखवलं. पडलेला माणूस कुठे खरचटतो ते सांगितलं. मनगटावर चार बोटं कुठे होती ते सांगितलं. डॉक्टर शांतपणे हसले आणि म्हणाले की गोमा, तुला वाचता येत नाही, रजिस्टरात काय आहे ते तुला कसं कळणार.

"वाचता येत नाय," ती म्हणाली, "म्हनून तर हात बगते."

 लेखी काही मिळालं नाही. पण भावाने रजिस्टर मिटलं आणि म्हणाला, कागद नको, बहीण नेतो. त्याच दिवशी एसटीने तो शालनला पेणला घेऊन गेला. ती परत आली नाही. पुढे शिवणकाम शिकली, माहेरीच राहिली, असं कळलं. तिचा उजवा खांदा अधूनमधून निसटत असे आणि ती तो स्वतःच बसवत असे. वसंतराव गावात मानाचाच राहिला. उत्सवाच्या मंडळाचा अध्यक्ष झाला, दरवर्षी आमच्या दवाखान्यात तिळगूळ पाठवायचा. मी तो खाल्ला नाही. रजिस्टरात त्यानंतर मी दिसेल ते लिहू लागले. डॉक्टरांनी सुरुवातीला खोडलं, मग कंटाळून सोडून दिलं. शालनला त्याचा काही उपयोग नव्हता.

गिरणीने वाडीचं भात पुन्हा घ्यायला सुरुवात केली ती दोन सुगी गेल्यावर. तोवर गोमाबायकडे येणं पुष्कळांनी सोडलं होतं. तिच्या हातून कुणाचा तरी पाय अधू झाला, अशी अफवा कुणीतरी उठवली. मी चौकशी केली. असा कुणी माणूसच नव्हता.

मी पनवेल सोडलं तेव्हा रेल्वेचं काम सुरू झालं होतं. मला ठाण्याला नोकरी मिळाली होती. एसटी स्टँडवर बसमध्ये खिडकीशी बसले होते. समोर उरणची गाडी येऊन लागली. एक माणूस उतरला आणि त्याने मागच्या पायरीवर घुटमळणाऱ्या आपल्या दोन-तीन वर्षांच्या मुलीला एका हाताने मनगट धरून हिसक्यासरशी खाली घेतलं. मुलगी किंचाळली. तिचा हात बाजूला लोंबायला लागला. बापाला वाटलं हट्ट करतेय, त्याने चापट उगारली.

गर्दीतून गोमाबाय आली. डोक्यावर सुक्या मासळीची पाटी, केस पांढरे झालेले, चाल पूर्वीपेक्षा जास्त वाकडी. तिने पाटी बापाच्याच हातात दिली, त्यामुळे ती चापट राहून गेली. मुलीपुढे फतकल मारून बसली, कोपर एका हातात घेतलं, तळवा आकाशाकडे फिरवून हात वर दुमडला. मुलीचं रडणं हळूहळू थांबलं. तिने ओटीतून एक बोर काढून मुलीच्या डोक्यावर उंच धरलं. मुलगी थोडा वेळ बघत राहिली, मग तोच हात वर करून तिने बोर घेतलं.

गोमाबाय बापाला काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आमच्या ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं. मी हात हलवला, पण तिचं लक्ष नव्हतं. बाप ओशाळला. त्याने पाटी परत दिली, वाकून मुलीला दोन्ही काखांत धरून उचललं आणि खांद्यावर बसवलं. बस वळली तेव्हा तो बाजाराच्या दिशेने निघाला होता, मुलगी एका हाताने त्याचे केस धरून बोर खात होती, आणि गोमाबाय पाटी डोक्यावर घेऊन त्यांच्या मागोमाग लंगडत त्याला अजून काहीतरी सुनावत होती.